फुंका आणि फुंक

हॉस्पिटलात तिला सगळे 'भोंगा' म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून ती त्यावर खूशच होती. फुप्फुसांच्या तपासणीची टेक्निशियन ती. तिच्या कामात अर्धं मशीन आणि अर्धा गळा. पेशंटने छातीत मावेल तेवढी हवा भरून घ्यायची, नळीवर ओठ घट्ट मिटायचे आणि एका दमात सगळी बाहेर फेकायची. चांगली धट्टीकट्टी माणसंही इथे हातचं राखून फुंकतात. मग ही सुटायची, "फुंका, फुंका, फुंका! थांबू नका! अजून आहे आत, अजून!" भिंतीपलीकडचा एक्स-रेवाला म्हणे, "बाई, मी इकडे 'श्वास रोखा' म्हणतो आणि पेशंट तुमचं ऐकून सोडून देतात."

घरी मात्र या भोंग्याला बोळा लागे. सासऱ्यांना जेवायला बोलवायचं तरी दारात उभी राहून, अर्ध्या आवाजात. सासरे शाळेतले निवृत्त ड्रिल मास्तर. सारी हयात मैदानावर गेलेली. त्यांच्यावर आवाज चढवायची घरात कुणाची छाती नव्हती.

आज तेच मास्तर तिच्यासमोर खुर्चीत बसले होते. उजव्या फुप्फुसात गाठ निघाली होती. सर्जनने आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, गाठीसकट तुकडा काढता येईल, पण पहिल्या सेकंदात दीड लिटर हवा बाहेर टाकता आली तर. आकडा त्याखाली राहिला तर उरलेल्या फुप्फुसावर त्यांचं भागणार नाही आणि मी सुरी लावणार नाही. रिपोर्ट दुपारपर्यंत हवा होता. दुसरी टेक्निशियन रजेवर होती.

तिच्या हाताला चैन नव्हती. पुसलेली खुर्ची तिने पुन्हा पुसली. बंद खिडकी उघडली, मग बंद केली. हवा नाकातून निसटू नये म्हणून लावायचा चिमटा तिच्या हातून सुटून मास्तरांच्या मांडीवर पडला.

"सगळी हवा काढून टाकली तर आत राहणार काय?" मास्तरांनी विचारलं.

"सगळी निघत नाही, बाबा. कितीही फुंकलं तरी थोडी आत राहतेच. ती कुणालाच काढता येत नाही."

"बरं आहे. काहीतरी शिल्लक राहतं म्हणायचं."

मास्तरांनी छाती भरली आणि फुंकले. कसे, तर शिट्टी फुंकावी तसे. एक जोरकस फुंकर, सेकंद पुरा व्हायच्या आत जिभेने नळीचं तोंड बंद, काम फत्ते. पडद्यावरची रेघ वर जाता जाताच तुटली. एक पॉइंट एक.

"बाबा, जरा जास्त वेळ फुंकाल का? आणि जीभ मध्ये नका आणू ना," ती म्हणाली. हे वाक्य तिने असं म्हटलं, जणू भाजीत मीठ कमी पडल्याचं सांगत होती.

दुसऱ्यांदाही तेच. एक पॉइंट एकच. खिशातला फोन थरथरला. नवरा. ती कोपऱ्यात सरकली.

"कितीवर आलंय?" त्याने विचारलं.

"कमी."

"अगं, मग थोडं वर कर ना! तुझ्याच तर हातात आहे."

"वेड लागलंय का तुला? आकडा वाढवून ऑपरेशनच्या टेबलावर नेलं तर तिथून उठतील का ते?" तिने फोन ठेवला. राग आला होता. नवऱ्याचा, सर्जनचा, त्या शिट्टीचा, सगळ्यांचाच.

तिसऱ्या वेळी मास्तरांनी पुन्हा जीभ आडवी घालायला सुरुवात केली आणि तिचा तोल गेला.

"फुंक! फुंक, फुंक! थांबलास का? अजून आहे आत, काढ!"

मास्तरांचे डोळे मोठे झाले. पण ते फुंकत राहिले, मान लाल होईपर्यंत. रेघ वर चढली आणि सावकाश उतरली. एक पॉइंट सहा.

तिने जीभ चावली. "बाबा, चुकलं माझं. तोंडून गेलं."

मास्तर नळी हातात धरून दम घेत राहिले. आणि पंचाईत अशी, की एकच चांगला आकडा धरत नाहीत. त्याच्या जवळचा दुसरा आला तरच पहिला खरा. म्हणजे हे पुन्हा करायला हवं होतं, तेही आता भानावर राहून.

"भरून घ्या, बाबा. आता फुंका. फुंका हं. फुंका ना."

एक पॉइंट दोन.

तिने पडद्याकडे पाठ केली. रडू येत होतं आणि ती ते गिळत होती. मास्तरांनी स्वतःच नाकाचा चिमटा काढला.

"इकडे बघ. मैदानावर मी पोरांना 'जरा पळता का' म्हणालो असतो, तर एक तरी पळालं असतं का?"

"पण बाबा, तुम्हाला मी..."

"तुम्ही-बिम्ही नंतर. मघासारखी ओरड. तेवढ्याने जाग आली मला."

त्यांनी चिमटा परत लावला, छाती भरली, ओठ मिटले. तिने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"फुंक!" गेले कित्येक दिवस दाबून धरलेलं सगळं त्या आवाजात आलं. "फुंक, फुंक, फुंक! अजून! थांबू नकोस! सोडू नकोस! बाबा, जाऊ नकोस!"

पलीकडे एक्स-रेवाल्याचं मशीन गप्प झालं. मास्तर खुर्चीवर वाकून धापा टाकत होते. ती त्यांच्याकडेच बघत राहिली.

"मला काय बघतेस?" ते कसेबसे म्हणाले. "तिकडे बघ."

एक पॉइंट सहा. मघाची आणि आताची, दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या होत्या.

"जमलं, बाबा," ती म्हणाली. आवाज पुन्हा घरातल्यासारखा, दारात उभा राहिलेला. "चुकून काहीबाही बोलले मी, मनावर घेऊ नका."

मास्तरांनी तोंड पुसलं. दम जागेवर यायला त्यांना वेळ लागला.

"शेवटचं ऐकलं मी," ते म्हणाले. "नाही जात."