पोपटी काठाचं पायपुसणं

साकोलीजवळच्या गावात सुंदरबाईच्या घरी चिंधी वाया जात नसे. टेलरकडची कात्रणं, जुनी लुगडी, नवऱ्याचे विटलेले शर्ट, सगळ्यांच्या पट्ट्या फाडायच्या, वेणी घालायची आणि ती गोल गोल फिरवत दाभणानं शिवायची, की पायपुसणं तयार. काठ उभे केले की टोपली. हात एकदा चालू झाला की बाईला भान राहत नसे. त्याच भरात परवा काठाला पोपटी रंग कमी पडला आणि तिनं पेटीतली कोरी साडी टराटरा फाडली.

ती साडी नणंदेनं, उषाबाईनं, आहेरात दिलेली. मागे मानपानावरून रुसून उषाबाई लाखांदूरला गेली ती कित्येक वर्षं भावाच्या दारात फिरकली नव्हती. सुंदरबाईचा नवरा परसराम या एकुलत्या बहिणीसाठी झुरत होता. हातापाया पडून त्यानं तिला कसंबसं बोलावलं, आणि ती अंगणात आली तेव्हा पायपुसणं घराच्या मधोमध पसरलेलं होतं.

उचलायला वेळ नव्हता. परसराम धोतर पसरून त्यावरच बसला.

"दादा, उठ ना. हातपाय धू, जेवू."

"इथंच वाढा," तो म्हणाला.

चहा तिथंच, जेवण तिथंच, डुलकीसुद्धा बसल्या जागी. ऊन कलल्यावर बहीण म्हणाली, चल, धान पाहून येऊ. तरी गडी हलेना. उषाबाईचा चेहरा उतरला.

"दादाचे पाय गेले काय, वयनी? मले कोणी सांगतलं काहून नाही?" आणि तिनं जो गळा काढला, त्यानं शेजारपाजार दारात जमा झाला. एक बाई तर मालिशचं तेल घेऊनच आली.

बहिणीचं रडणं परसरामला सोसवलं नाही. तो उठून उभा राहिला. उषाबाईनं त्याला मिठी मारली आणि मग तिची नजर खाली गेली.

"हे माही साडी होय ना?"

"हो जी," सुंदरबाई म्हणाली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "पोपटी कमी पडला."

"आन मी रुसीन म्हणून तू दिवसभर बसून राहिला, दादा?"

"तू आखीन गेली असती तं मले सहन झालं नसतं, उषे."

उषाबाई पायपुसण्यावर ऐसपैस मांडी घालून बसली.

"रुसली तं मी हावोच. पन आता जात नाही. असंच एक मले करून द्या वयनी, तवाच उठीन."

"कायचं करू?"

"मी ते मोरपंखी साडी देल्ली होती ना, तिचं."

परसरामनं कोपऱ्यातल्या कांदे भरलेल्या चिंध्यांच्या टोपलीकडे पाहिलं. सुंदरबाई झटकन जाऊन पदर पसरून टोपलीपुढं बसली.

उषाबाईनं डोळे पुसले.

"वयनी, तुमचे पाय तं बरे हायेत ना?"