चौदा नंबरपुढचं टेबल

महामारी आली, लोकांना श्वास घेता येईना, आणि आमच्या नगरपालिकेला मोकळ्या हवेचा शोध लागला. बंद खोलीत जेवलं की रोग चिकटतो, रस्त्यावर जेवलं की चिकटत नाही, असा वरून कागद आला. म्हणजे आम्ही गरीब माणसं पिढ्यान्‌पिढ्या कोपऱ्यावर उभी राहून ताको खातो ती अडाणी म्हणून नव्हे हो, दूरदृष्टीची म्हणून! एकवीसच्या जानेवारीत हे ज्ञान आमच्या गल्लीत पोचलं.

मी फिदेन्सियो. सव्वीस वर्षं ह्या गल्लीत लोकांच्या गाड्या लावून देतो. हातात लाल फडकं, तोंडात "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बास!" मला कुणी नेमलेलं नाही, त्यामुळे कुणी काढूही शकत नाही. जागा धरून ठेवायला माझ्याकडे अकरा बादल्या, आत सिमेंट ओतलेल्या. मेक्सिको शहरात माणूस एक वेळ लाल सिग्नल तोडेल, पण दुसऱ्याची बादली हलवणार नाही.

त्यातली एक बादली चौदा नंबरच्या दारात. तिथे वरच्या मजल्यावर एलादियो राहतो. त्याच्या पोरीला बाप्तिस्म्याच्या वेळी मी हातात धरलं होतं, तेव्हापासून तो माझा कोंपाद्रे आणि त्याची बायको ओब्दुलिया माझी कोमाद्रे. आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावाहून मोठं. भाऊ देवानं दिलेला असतो, त्याच्या नावानं खडे फोडता येतात; कोंपाद्रे आपणच निवडलेला, तक्रार कुणाकडे करणार?

नाताळात एलादियोला रोगानं धरलं. तीन इस्पितळं फिरलो, तिन्हींनी फाटकातूनच हात वर केले. मग घरीच पलंग, घरीच ऑक्सिजन. रोज दुपारी दोनच्या सुमाराला ऑक्सिजनवाला क्रिस्पिन त्याच्या छोट्या ट्रकमधून सिलिंडर आणायचा, चांगला माझ्या छातीएवढा उंच. चौदा नंबर गल्लीच्या अगदी तोंडाशी. बाहेर मोठा रस्ता, आणि त्यात बसची राखीव पट्टी; तिथे दोन मिनिटं थांबलात तर क्रेन गाडी उचलून नेते. म्हणून ट्रक मागे घेत थेट दारात लावायचा, मी आणि क्रिस्पिननं मिळून सिलिंडर जिन्यानं वर चढवायचा. क्रिस्पिनची कंबर गेलेली. दारात जागा असेल तर उचलीन, लांबून वाहून आणणार नाही, हे त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

आणि हे सगळं गुपचूप. नऊ नंबरमध्ये रोग निघाला तेव्हा आमच्या प्रेमळ शेजाऱ्यांनी त्यांच्या दारावर बादलीभर क्लोरीन ओतलं होतं. बेकरीवाली त्यांच्या हातात पाव देईना. कोमाद्रेनं मला जिन्यात थांबवून सांगितलं, "कोंपाद्रे, माझ्या लेकीची शपथ आहे तुम्हाला. कुणाला एक शब्द बोलायचा नाही."

"आणि सिलिंडर दिसला कुणाला तर?"

"एलादियो वेल्डर आहे ना? वेल्डिंगचा आहे म्हणावं."

एवढं बिनतोड खोटं मला जन्मात सुचलं नसतं. गल्लीत सगळ्यांना पटलं. रोगाच्या दिवसांतही माणूस किती कष्ट करतो, असं लोक कौतुकानं म्हणायला लागले.

मग आले बेरिस्ताइन साहेब. नगरपालिकेचे निरीक्षक, गळ्यात ओळखपत्र, हातात मोजपट्टी. त्यांनी दुपारी बारा ते सहा चौदा नंबरपासून आत गल्ली गाड्यांना बंद केली, जमिनीवर हिरवे चौकोन रंगवले, फुलांच्या पेट्या ठेवल्या आणि माझ्या बादल्या उचलून एका टेम्पोत भरल्या. सव्वीस वर्षांत त्यांना कुणी बोट लावलं नव्हतं!

"साहेब, ती एक राहू द्या. चौदा नंबरपुढची."

"डॉन फिदे, बादली म्हणजे आस्थापना नव्हे. ही पट्टी आता जेवणाऱ्यांसाठी आहे."

"तिथे माल उतरतो. वेल्डिंगचा सिलिंडर."

"मग माल उतरवण्याचा परवाना काढा. अर्ज करा, चाळीस दिवसांत उत्तर येईल."

चाळीस दिवस! खरं सांगितलं असतं तर कदाचित साहेबांनीच बादली परत आणून ठेवली असती. पण जिभेवर शपथ बसलेली. तिकडे इकेर टपलेला होता. इकेर म्हणजे आमच्या गल्लीतला नवा हॉटेलवाला, दाढीला तेल लावतो आणि आंबट पावाचे दोन तुकडे लाकडाच्या फळीवर ठेवून विकतो. जागा मोकळी दिसली की त्याच्या खुर्च्या सरकत सरकत चौदा नंबरच्या उंबऱ्यापर्यंत येणार, हे दिसतच होतं.

"साहेब, टेबल म्हणजे आस्थापना का?" मी विचारलं.

साहेबांनी विचार केला. "नोंदणी असलेल्या खाणावळीचं असेल, आणि वर मेजपोश असेल, तर हो."

माझी बायको एर्मिला बारा नंबरच्या दारात खाणावळ चालवते. नोंदणी आहे, तिच्या आईच्या वेळची. त्या संध्याकाळीच एक टेबल, दोन खुर्च्या आणि फुलांचा मेजपोश चौदा नंबरपुढे मांडला. वर पाटी ठेवली, 'राखीव'. ट्रक आला की टेबल उचलायचं, गेला की परत ठेवायचं.

"तीस वर्षं संसार केला," एर्मिला म्हणाली, "मला कधी मेजपोश घातला नाहीस. आता रस्त्याला घालतोयस."

तीन दिवस छान चाललं. चौथ्या दिवशी साहेब मोजपट्टी घेऊन हजर. "हे टेबल रोज राखीव आहे आणि रोज रिकामं आहे. इकेर साहेबांची तक्रार आहे. ही जागेची बनवाबनवी झाली. गिऱ्हाईक बसवा, नाहीतर उद्या उचलतो."

बसवलं बाबा गिऱ्हाईक! एर्मिलानं चिपोत्ले मिरचीच्या रश्शातले खिम्याचे गोळे केले, लाल भात, मक्याच्या गरम तोर्तिया आणि शेवटी मातीच्या भांड्यातली दालचिनीची कॉफी. आणि लोकांची जीभ बघा, आंबट पाव सोडून सगळे त्या एका टेबलासाठी रांगेत उभे! रांगेत दीड मीटर अंतर, साहेब जातीनं मोजायचे. आणि ओळखीचं कुणी दिसलं की तेच लोक मास्क हनुवटीखाली ओढून गालाला गाल लावणार, मिठी मारणार, पाठीवर तीन थापा देणार, आणि परत दीड मीटरवर जाऊन उभे राहणार. विषाणू बिचारा गोंधळून गेला असेल.

बसवणं सोपं होतं. उठवणं कुणाच्या बापाला जमतंय! आमच्याकडे ताट संपलं म्हणजे जेवण संपत नाही, खरं बसणं तिथून सुरू होतं. एक कॉफी, मग दुसरी, मग कुणाच्या तरी आजारपणाची गोष्ट, मग तिसरी. गिऱ्हाइकानं मागितल्याशिवाय बिल नेऊन ठेवलं तरी त्याच्या सात पिढ्यांचा अपमान होतो, मग 'उठा' म्हणणं तर लांबच. मी रस्त्यावरचा माणूस असलो तरी माझ्या आईनं मला वळण लावलेलं आहे.

शुक्रवारी त्या टेबलावर दोन निवृत्त शिक्षिका बसल्या. दोन वाजता क्रिस्पिनचा ट्रक गल्लीच्या तोंडाशी आला. मी टेबलापाशी जाऊन अदबीनं म्हणालो, "प्रोवेचो, बाई. जेवण अंगी लागो. ह्या वेल्डरचा जरा माल उतरवायचा होता..."

"हो हो, आमचं झालंच," एक बाई म्हणाल्या, आणि दुसरीला आपल्या गुडघ्याच्या ऑपरेशनची गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागल्या.

क्रिस्पिन चौकाला वळसे घालत राहिला. वर खिडकीत कोमाद्रे आली. सिलिंडर संपत आला की ती नळाची चकती कमी करायची आणि मला बोटांनी दाखवायची. डॉक्टरनं मिनिटाला पाच लिटर सांगितलं होतं. तिनं तीन बोटं दाखवली. तासाभरानं दोन. पावणेपाचला शिक्षिका उठल्या, मला आशीर्वाद देऊन गेल्या. तोवर आमचा मोठा सिलिंडर क्रिस्पिननं दुसऱ्या घरी दिला होता. आम्हाला छोटा मिळाला.

शनिवारी एक वाजताच टेबल आत घेऊन ठेवावं म्हणून मी निघालो, तर त्यावर साक्षात बेरिस्ताइन साहेब! सोबत त्यांच्या सासूबाई.

"डॉन फिदे! ह्या टेबलाबद्दल इतकं ऐकलं, म्हटलं आज तपासणी करूनच टाकू."

तपासणी चांगली दोन ताटं चालली. दोनला ट्रक आला. वर बघितलं तर कोमाद्रेची दोन बोटं. मी गेलो. "प्रोवेचो, साहेब. माल आलाय. पाच मिनिटांसाठी इकडे बारा नंबरपुढे बसाल का? मी ताटं आणतो."

"बारापुढे हिरवा चौकोन नाही," साहेब म्हणाले. "मीच नियम मोडला तर कसं व्हायचं?"

अडीचला परत गेलो. सासूबाई गोडाचं फ्लान खात होत्या. "ह्या वेल्डरला शनिवारीसुद्धा चैन नाही का?" त्यांनी विचारलं. "रोगाच्या दिवसांत माणसानं जरा निवांत राहावं." आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक हसले. इकेर सगळ्यात मोठ्यानं हसला.

पावणेतीनला क्रिस्पिननं चौथा वळसा घातला आणि ट्रकच्या खिडकीतून ओरडला, "फिदे, अजून चार घरं आहेत माझी! आता नाही तर उद्या!"

मी वर बघितलं. कोमाद्रेचं एक बोट. नुसतं वर धरलेलं, हलत नव्हतं.

"साहेब, उठा," मी म्हणालो.

साहेबांचा घास हातातच राहिला. "काय म्हणालात?"

"उठा म्हणालो! वर वेल्डिंग चाललेलं नाही. वर माणूस मरतोय, करोनानं! तुमच्या डोक्यावर ती खिडकी उघडी आहे ना, तिच्यात तीन आठवडे खोकतोय तो. हा ऑक्सिजन आहे, ऑक्सिजन! त्याचा!"

साहेबांनी मान वर करून खिडकीकडे बघितलं. सासूबाईंनीही बघितलं. मग त्या वयात त्या बाईंनी जी उडी मारली, काय सांगू! फुलांच्या पेटीवरून पलीकडे, फ्लानची बशी हातातच. साहेब मागोमाग. मग शेजारचं टेबल, मग त्याच्या शेजारचं, खुर्च्या आडव्या, ग्लास खाली, कुत्री भुंकतायत, इकेर दाढी धरून आपल्या दारात आणि दार आतून बंद. मोजपट्टी साहेबांनी जमिनीवरच टाकली. नगरपालिकेला इतके दिवस जे अंतर पाळून घेता आलं नाही, ते आमच्या गल्लीनं एका मिनिटात पाळलं, आणि दीड मीटर नाही, चांगलं दोनशे मीटर.

मी टेबल लाथेनं बाजूला ढकललं. "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बास!" माझा आवाज फाटत होता. क्रिस्पिन कंबर विसरला. दोघांनी सिलिंडर वर नेला, दारात ठेवला, आणि कोमाद्रेनं तो आत ओढून नळी जोडल्याचा आवाज आला तेव्हा मी जिन्यात खाली बसलो. रडलो. क्रिस्पिन म्हणाला, अजून चार घरं आहेत, आणि गेला.

किती वेळ बसलो होतो माहीत नाही. कोमाद्रे बाहेर आली, दोन मास्क लावलेली, वरच्या पायरीवर उभी राहिली. मी मान खाली घातली.

"कसा आहे?"

"पाचावर लावलंय. ओठांचा रंग येतोय परत." तिचा आवाज बसला होता. "एकावर होता पाऊण तास."

"कोमाद्रे, शपथ मोडली मी. सगळ्या गल्लीला कळलं. उद्या तुमच्या दारावर क्लोरीन येईल. शिव्या द्या मला, मी ऐकून घेतो."

"ओतू दे ज्याला ओतायचं ते. फरशी धुवायचीच होती." ती एक पायरी खाली आली, मग तिला अंतर आठवलं असावं, परत वर गेली. "एवढ्या मोठ्यानं ओरडता येतं तुम्हाला, कोंपाद्रे?"

"सव्वीस वर्षं तेच करतोय."

"मग काल का नाही ओरडलात?"

शपथ तुम्हीच घातली होती, असं उत्तर माझ्याकडे तयार होतं. ते खरंही होतं. पण काल मला शपथ आठवलीच नव्हती. काल ती वर दोन बोटं धरून उभी होती, आणि मी खाली त्या बाईंना विचारत होतो, कॉफीत दालचिनी जास्त तर नाही ना झाली. ती आत गेली, आणि मी खाली उतरून टेबलावरचा मेजपोश काढला.