डाव्या चाकाचा हब

मिस्त्रींनी डाव्या पुढच्या चाकाच्या हबचे सहाही बोल्ट काढले आणि झाकण हातोडीच्या दांड्याने हलकेच ठोकलं. ते सुटून येताच आतून करंगळीच्या नखाएवढा लोखंडाचा तुकडा ट्रेमध्ये पडला. मिस्त्रींनी तो चिमटीत धरून रॉकेलमध्ये बुडवला, चिंधीने पुसला आणि दारातून येणाऱ्या उजेडाकडे धरला.

"हा आपोआप नाही तुटलेला," ते म्हणाले.

गाडी घेऊन आलेला तो पलीकडे तिच्या स्प्रिंगचे जुने पाटे ओढून भिंतीला लावत होता. हातातला पाटा तसाच टेकवून तो गाडीला वळसा घालून आला.

"म्हणजे?"

"कुणीतरी फिरकी उलटी फिरवलीय. फिरेना, म्हणून जाम आहे असं वाटून जोर लावलाय. आत ही अडणी असते, ती मोडली. म्हणजे हब लॉक झालाच नाही. गाडी बिचारी काय करणार?"

गाडी जुनी होती. तिच्या चारी चाकांना जोर द्यायचा, तर आतला दांडा टाकून भागत नसे. खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यावरची गोल फिरकी हाताने फिरवावी लागे. त्यातली एक जरी मोकळी राहिली, तर पुढे येणारा सगळा जोर त्या मोकळ्या बाजूनेच वाया जाई आणि लॉक झालेलं दुसरं चाकही ढिम्म राही. हे मिस्त्रींनी त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. सहा वर्षं तो ही गाडी चालवत होता. गाडी मात्र दाजींची, म्हणजे त्याच्या ताईच्या नवऱ्याची.

दाजी तिला 'थोरली' म्हणत. लग्नाच्या आधीपासून ती त्यांच्याकडे होती, म्हणून. पाहुण्यांसमोर ताईची ओळख करून देताना ते गंभीर चेहऱ्याने म्हणत, "ही धाकटी. थोरली बाहेर उभी आहे, तेल गळतंय तिचं." ताई दर वेळी रागवायची आणि दर वेळी हसायची.

अडीच महिन्यांपूर्वी दुपारी जेवता जेवता दाजींच्या छातीत कळ आली. घर टेकाडावर, दवाखाना ओढ्यापलीकडे. चार दिवस पाऊस लागून राहिलेला. दाजींना मागच्या सीटवर आडवं करून, त्यांचं डोकं ताईच्या मांडीवर ठेवून त्याने थोरली ओढ्यातून काढली. पलीकडचा चिकणमातीचा चढ अर्धा चढली आणि मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. तो गुडघाभर चिखलात उतरला आणि आपल्या बाजूची फिरकी त्याने लॉक केली. चिखलातून गाडीला वळसा घालून डावीकडे जाईपर्यंत उशीर होईल असं त्याला वाटलं. कितीसा झाला असता? मिनिटभर. पण तेव्हा ते मिनिट फार मोठं वाटलं, आणि तो बॉनेटवरून ओरडला,

"ताई, उतर, तुझ्या बाजूची तू फिरव! पुढे फिरव, पुढे!"

"फिरत नाहीये रे!"

"जाम असेल. जोर लाव!"

मग कट् असा आवाज झाला आणि ताई म्हणाली, "बसली!"

गाडी हलली नाही. दांडा टाकला, गिअर बदलले, चाकांखाली दगड घातले, ताईच्या साडीपर्यंत सगळं चाकांखाली घालून झालं. ट्रॅक्टर मिळेपर्यंत अडीच तास गेले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मागच्या सीटवर वाकून पाहिलं आणि स्ट्रेचर आणणाऱ्यांना हातानेच थांबवलं.

"अरे, काय विचारतोय मी?" मिस्त्री म्हणाले. "नवा हब बसवायचाच आहे. हा जुना ठेवू की भंगारात टाकू?"

तो उजव्या चाकाकडे गेला. तिकडचा हब अजून जागेवर होता. त्याने फिरकीवर पंजा ठेवला आणि पुढे, बॉनेटच्या दिशेने फिरवली. खट्. लॉक. मग तो डावीकडे येऊन उघड्या चाकासमोर उकिडवा बसला आणि हवेतच, तिथे फिरकी आहे असं समजून, त्याने हात फिरवला. हात मागे गेला. आपण होऊन गेला. सहा वर्षं दोन्ही बाजूंना उतरून तो स्वतःच फिरकी फिरवत आला होता. उजवीकडे पुढे, डावीकडे मागे. ते कधी कुणाला शब्दांत सांगायची वेळच आली नव्हती. हाताला माहीत होतं, तोंडाला नव्हतं.

ताईने फिरकी उलटी फिरवली नव्हती. त्याने सांगितली तशीच फिरवली होती.

उठायला त्याने एक्सलला धरलं, आणि ग्रीसने हात निसटला.

"मिस्त्री, ताईला यातलं काही सांगू नका."

मिस्त्री दाजींचे जुने दोस्त. पाना हातात असला की त्यांची जीभ सैल सुटे. आता पाना खाली होता.

"फिरवली कुणी होती?" त्यांनी विचारलं.

"तिने."

मिस्त्रींनी तो तुकडा बोटांत फिरवला आणि परत ट्रेमध्ये ठेवला.

"मग नकोच सांगायला," ते म्हणाले. "जन्मभर खात बसेल स्वतःला."

इथे त्याने बोलायला हवं होतं. 'पण सांगितलं मी होतं' एवढंच. चार शब्द. ते तोंडापर्यंत आले आणि तिथेच बसले. मिस्त्री नव्या हबच्या खोक्याची दोरी सोडायला लागले. वेळ टळली. माणसाला वाटतं अशी वेळ परत येईल, तेव्हा नीट सांगू. तो तुकडा उचलून त्याने खिशात टाकला.

पुढचे वीस दिवस तो वर्कशॉपमध्येच असल्यासारखा होता. दाजी गेल्यावर ताईने गाडीच्या कप्प्यातून कॅलेंडरचं एक पान काढून त्याच्या हातात दिलं होतं. पानाच्या मागे दाजींच्या अक्षरात यादी होती, 'थोरलीला काय काय हवं'. चिखलाचे टायर. नवे पाटे. पुढे डिस्क ब्रेक. विंच, रुतली की तारेने ओढून काढायला. सीटचा फोम, कारण धाकटीची पाठ दुखते. आणि सगळ्यात खाली, 'हब ऑटोमॅटिक. उतरायला नको.' ताई म्हणाली होती, "यातलं एकही सोडू नकोस. परत कुणाला तिच्यापायी असं..." तिच्यापायी म्हणजे गाडीपायी, असंच त्याने धरलं होतं. सगळेच तसं म्हणत होते. म्हातारी गाडी, ऐन वेळी दगा दिला.

तर त्याने एकही सोडलं नाही. यादीत नसलेलंही केलं. सायलेन्सरचं तोंड वर छपरापर्यंत नेलं, खालून पत्रा मारला, बॅटरी बदलली, घासून घासून चॅसिसचा गंज काढताना बोटांची सालपटं निघाली. मिस्त्री म्हणत, "अरे, वरातीला न्यायचीय का?" तो हसायचा. काम संपू नये असं त्याला वाटत होतं. संपलं की ताई येणार होती. आणि जे झालं ते यातल्या कशानेही बदलणार नव्हतं. विंच गाडीला ओढते, दिवसाला नाही. रोज घरी जाऊन तो जेवणाच्या ताटासमोर बसायचा, ताई वाढायची आणि विचारायची, "कुठवर आलं?" तो पाट्यांचं सांगायचा, ब्रेकचं सांगायचा. तिच्या उजव्या तळव्यावर, अंगठ्याच्या खाली, त्या दिवशी फिरकी रुतल्याची खूण अजून गुलाबी होती. वाढताना ती दिसे. तो ताटात बघायचा.

ताई आली ती दुपारी, चालत. मिस्त्रींनी हात पुसून खुर्ची पुढे केली.

"बसा वहिनी."

ती बसली नाही. गाडीभोवती सावकाश फिरली. टायरला हात लावला, विंचची तार पाहिली, दार उघडून सीटचा फोम दाबला.

"फारच सजलीय थोरली," ती म्हणाली आणि क्षणभर तिचा आवाज जुना झाला. मग ती डाव्या पुढच्या चाकापाशी आली आणि तिथे थांबली. साडी सावरून खाली बसली. नवा हब चकचकीत, गुळगुळीत होता.

"इथली फिरकी?"

"आता लागत नाही, ताई. आतूनच होतं. उतरायला नको."

"बरं झालं," ती म्हणाली. पण उठली नाही. "मिस्त्रींना आत काही मिळालं का रे?"

मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलं, आणि काहीतरी आणायचं राहिल्यासारखे आत निघून गेले.

"काय मिळणार?"

"मोडलेलं काही." ताई हबकडेच बघून बोलत होती. "त्या दिवशी कट् झालं ना, तेव्हाच मला कळलं होतं. हाताला कळतं. पण तू घाईत होतास, ते कण्हत होते, आणि मी म्हणाले, बसली. तेव्हाच खरं बोलले असते, तर तू येऊन बघितलं असतंस. माझ्या हातून झालं ते. रोज वाटतं, तुला सांगावं. होतच नाही."

आता. याहून सरळ वेळ येणार नव्हती. 'मी पुढे म्हणालो ताई, मागे म्हणायला हवं होतं.' खिशातला तुकडा त्याच्या मुठीत होता, त्याची कड बोटात रुतत होती. ताईने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेला तो घाबरला. दाजी गेल्यानंतर ती त्याच्याशिवाय कुणाकडे अशी बघत नव्हती. ती नजर गेली, तर त्याचंही कुणी उरत नव्हतं.

"काही मिळालं नाही," तो म्हणाला. "सगळं धड होतं. गाडीच थकली होती गं. तुझ्या हातून काही झालेलं नाही."

ताई उठली. तिने पदराने त्याच्या कपाळावरचा ग्रीसचा डाग पुसला, लहानपणी पुसायची तसा.

"कळतं मला," ती म्हणाली. "माझ्यासाठी खोटं बोलतोस. बोल. तेवढं तरी माणूस उरलंय मला."

त्याने मूठ खिशातून काढली नाही.

"चल," ताई म्हणाली. "चालवून दाखव."

वर्कशॉपच्या मागे मातीचा भराव होता. मिस्त्री दुरुस्त झालेली प्रत्येक गाडी त्यावर चढवून बघत. दोन दिवसांच्या पावसाने त्याचा चिखल झाला होता. ताई पुढे, त्याच्या डावीकडे बसली. त्याने दांडा टाकला. कुणाला उतरावं लागलं नाही. चारी चाकांनी चिखल धरला आणि थोरली एकदाही न घसरता, न थांबता, एका दमात वर गेली.

वर सपाटीला त्याने गाडी थांबवली. इंजिन चालूच होतं. ताई मागे वळून चढाकडे बघत होती आणि उजवा तळवा डाव्या हाताने चोळत होती.

"एवढंच होतं," ती म्हणाली.