पाठीवरचा डाग

"गेला होतात ना कड्यावर?"

धुण्याच्या ढिगातून नाक वर काढून ती तशीच बाहेरच्या खोलीत आली. नवरा चहात पाव बुडवत होता.

"मी? बाई गं, पडल्यापासून दोराला लटकलो नाही. स्टोअरमध्ये बसून दुसऱ्यांना दोर वाटतो."

"मग घरात हा वास कुठून?"

"मला काय विचारतेस? माझं नाक कधीच मेलंय."

ते खरं होतं. थंड समुद्राकाठच्या रस्त्यावर दगड येऊ नयेत म्हणून कड्याला जाळ्या ठोकण्यात त्याचा उभा जन्म गेला. कपारीतले पक्षी त्याच्यावर थुंकत. पोटातलं पिवळं तेल, कुजक्या माशाच्या वासाचं. शर्ट तीन पाण्यांतून काढला तरी वास हटायचा नाही.

पक्ष्याचं नाव फुल्मर.

लग्नाच्या नव्या नवलाईत त्या नावात तिला फूल ऐकू आलं होतं. पहिलं धुणं हातात आलं आणि फुलाचा निकाल लागला.

"अर्थ तरी काय हो या नावाचा?"

"घाणेरडा कुरव, समुद्रावरचा पक्षी. जुन्या खलाशांनी ठेवलंय."

"खलाशांनी कसलं? त्यांच्या बायकांनी ठेवलं असणार!"

तेव्हा दोघं पोट धरून हसले होते. आज ती एकेक कपडा हुंगत होती. त्याच्या शर्टांना ग्रीसचा वास. चादरींना साबणाचा. तळाशी मुलीचं जाकीट.

मुलगी बापाच्याच कंपनीत. ऑफिसात फोन घेते, असं घरी सांगितलेलं.

"अहो. हे आपल्या पोरीचं आहे."

त्याने कप खाली ठेवला. दचकला नाही. एवढंच विचारलं, "डाग कुठे आहे?"

"पाठीवर."

"नीट बघ. छातीवर असेल."

"पाठीवर आहे म्हणते ना! दोन खांद्यांच्या मध्ये."

त्याचा चेहरा उतरला. उघड्या कड्यावर पक्षी समोर असतो, तो छाताडावर थुंकतो. पाठीवर थुंकायचं तर तो मागे हवा, म्हणजे मागेही दगड हवा. अशी जागा एकच. घळ. आत शिरलेला माणूस वरून दोर धरणाऱ्याला दिसत नाही. तो स्वतः तिथेच पडला होता.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"दोरावर जाते ते ठाऊक होतं. घळीचं नव्हतं."

संध्याकाळी मुलगी दारात आली, तेव्हा आईने जाकीट तिच्या पायाशी टाकलं.

"ओरड, आई. पण तिथली जाळी अर्धीच आहे. खालून गाड्या जातात."

"जगात दुसरं कुणी नाही जाळी ठोकायला?"

"घळ अरुंद आहे. मोठा माणूस मावत नाही. बाबा कसेबसे मावायचे."

आईने फोन नवऱ्यापुढे सरकवला. "साहेबांना सांगा. तुमचा शब्द ते खाली पडू देणार नाहीत."

"करा, बाबा," मुलगी म्हणाली. "तुम्ही नको म्हणालात तर नाही जाणार."

त्याने फोनकडे पाहिलं. मग मुलीकडे.

"दगड ओला आहे?"

"डावीकडचा. आतून पाणी झिरपतंय."

"त्याला टेकू नकोस. मी टेकलो होतो."

बायको उठून आत गेली. भांडी आदळल्याचाही आवाज आला नाही.

सकाळी मुलगी घरातूनच दोराचे पट्टे चढवून निघाली. त्याने तिला थांबवलं. टेबल धरून, दात आवळत, तो तिच्यासमोर फरशीवर बसला. मांडीचा पट्टा ओढून पाहिला. सोडला. पुन्हा बांधला.

"बाबा, उशीर होतोय."

"सैल होता."

"आता?"

"आता ठीक आहे. जा."

दार लागलं. बायकोने त्याला उठवायला हात पुढे केला. त्याने तो घेतला नाही. जिन्यावरची पावलं ऐकू येईनाशी झाली, तरी त्याचे दोन्ही हात हवेत तसेच होते, पोरीच्या मांडीएवढा गोल धरून.