एकाच झग्यातल्या मुली

शनिवारची दुपार म्हटली की अनाथाश्रमाच्या शिवणखोलीत फाटक्या कपड्यांचा डोंगर. गुडघ्यावर फाटलेल्या चड्ड्या, बटणं तुटलेले सदरे, आणि मोज्यांचं तर विचारूच नका! पोरांचे अंगठे हाडामासाचे होते की लोखंडाचे, देव जाणे. त्या डोंगरामागे मशीन चालवत बसायची ती टाकेताई. हे नाव पोरांनीच ठेवलेलं. तान्ही असताना ती या घराच्या फाटकाशी सापडली, इथेच वाढली आणि शिवणखोलीतच रुजली.

तिच्या पायाशी बसून बटणं निवडत होती शेपूट. लहानपणी ही पोर ताईच्या झग्याचं टोक धरून घरभर फिरायची, म्हणून शेपूट. आता चांगली उफाड्याची झाली होती, पण शेपूट ती शेपूटच.

"ताई, माझं लग्न झालं की तुला शिवायला कोण बटणं काढून देणार गं?"

"आधी नाक पुसायला शीक. मग लग्नाचं बघू."

दोघी हसल्या. त्या हसण्यातच दार उघडून आश्रम चालवणाऱ्या मदर आत आल्या. त्यांच्या हातात पांढऱ्या झग्याचं खोकं होतं. टाकेताईचा पाय मशीनवरच थांबला.

या खोक्याची गोष्ट सांगायलाच हवी. साथीच्या एका वर्षात शहराने आपली पोरकी लेकरं देवळाच्या पायऱ्यांवर आणि चर्चच्या ओसरीवर टाकून दिली, तेव्हा परक्या मुलखातून आलेल्या काही सिस्टरांनी हे घर उभारलं. त्यांची माया खरी होती, हे लिहिताना माझा हात अडखळत नाही. मुली मोठ्या झाल्या, तेव्हा पहिल्या मदरना वाटलं, प्रत्येकीला स्वतःचं घर मिळावं. त्यांनी स्वतःच्या हाताने लग्नाचा एक झगा शिवला. लग्न लागलं की झगा परत यायचा, धुतला जायचा, पुढच्या मुलीच्या मापाने उसवून पुन्हा शिवला जायचा. त्यासोबत एक नियमही आला. पुढच्या दाराने सासरी गेलेली मुलगी पुन्हा राहायला यायची नाही. तिचा पलंग तोवर दुसऱ्या लेकराला गेलेला असायचा.

लोकांना हे कळायला कितीसा वेळ लागतो? ज्याला कुठेच मुलगी मिळत नव्हती तो इथे येऊ लागला. दारुडा आला, म्हातारा आला, हात उगारणारा माणूस आला. हुंडा नको म्हणाला की झाला देवमाणूस! कारण या मुलींना विचारायला बाप येत नाही, आणि जाब मागायला भाऊ येत नाही.

"बेकरीवाल्याचा निरोप आलाय," मदर म्हणाल्या. "बिचारा एकटा पडलाय. पुन्हा आपल्याच घरातली मुलगी मागतोय. मी तुझं नाव काढलं. वय झालंय तुझं, पण तो समजूतदार आहे."

बेकरीवाल्याची पहिली बायको याच घरातली होती. भिंगरी तिचं नाव, आणि खरंच भिंगरीसारखी घरभर फिरायची. तिचा झगा कमरेत घेताना टाकेताईने तिला गुदगुल्या केल्या होत्या. पुढे एकदा भिंगरी फाटकाशी आली ती सुजलेला गाल घेऊनच. टाकेताईने मदरच्या हातापाया पडून तिला ठेवून घ्यायची विनवणी केली. मदरनी भिंगरीला चहा पाजला, डोक्यावर हात फिरवला आणि "संसारात भांड्याला भांडं लागतंच, बाळ," म्हणून परत पाठवलं. नंतर ती भट्टीपाशी पाय घसरून पडली आणि गेली, एवढंच कळलं. कुणी काही विचारलं नाही. विचारणार कोण? मेल्या म्हशीला मणभर दूध, तसे तिचे गोडवे मात्र सगळ्यांनी गायले. बेकरीवाला दफनाच्या वेळी ढसाढसा रडला आणि पोरांसाठी बिस्किटांचे डबे घेऊन आला.

"मी नाही करणार," टाकेताई म्हणाली.

"विचार कर."

"केला, मदर. त्या माणसाने भिंगरीला मारलं. मी त्याच्या दारात पाय ठेवणार नाही."

या घरात आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं. मदर रागावल्या नाहीत. खोकं टेबलावर ठेवून नुसत्या निघून गेल्या. टाकेताईला वाटलं, सुटले बाई! मशीन पुन्हा चालू झालं.

पण नाही म्हणणारी एक असली, तर हो म्हणणाऱ्या दहा असतात, हे तिच्या लक्षात आलं नाही. रविवारी प्रार्थना संपल्यावर बेकरीवाला भेटीच्या खोलीत बसला, आणि त्याने आणलेल्या बिस्किटांच्या बदल्यात चहा घेऊन आत गेली ती शेपूट.

संध्याकाळी ती नाचतच शिवणखोलीत आली. "ताई, माझं माप घे!"

टाकेताईने कात्री बाजूला ठेवली. तिने शेपटीला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. भिंगरीचा गाल, मनगटावरचे वळ, फाटकाशी थरथरणारे ओठ, काही म्हणजे काही लपवलं नाही.

शेपूट खाली मान घालून ऐकत होती. मग म्हणाली, "ताई, मला ना, दाराला आतून कडी लावायची आहे. आपलं दार, आपली कडी. इथे मला कधी एकटीला खोलीच मिळाली नाही."

"आणि त्याने मारलं तर?"

"इथे काय कमी छड्या खाल्ल्या? तो मारेल तर निदान माझा माणूस म्हणून मारेल."

हे ऐकून टाकेताईला रडूही येईना. अहो, ज्या पोरीने घर कधी पाहिलंच नाही, ती घराची किंमत अशीच लावणार! ती तशीच उठून मदरकडे धावली.

"मदर, मी जाते. मला द्या त्याला. तिला नको."

"त्याने आता तिला पाहिलंय," मदर हळूच म्हणाल्या. "त्याला तीच पसंत आहे."

"मग लग्नानंतर तिच्यासाठी फाटक उघडं ठेवा. एवढं तरी करा."

"एकीसाठी उघडलं तर सगळ्या परत येतील गं."

बोलून गेल्यावर मदरना आपलंच वाक्य ऐकू आलं असावं. त्यांनी जपमाळ हातात घेतली. पण फाटकाचं त्या पुन्हा काही बोलल्या नाहीत.

टाकेताईने झगा शिवला. नसता शिवला तर लग्न मोडलं असतं असं थोडंच आहे! कुणीतरी पिना लावून घातला असता. भिंगरीच्या कमरेचे टाके तिने उसवले आणि त्याच भोकांतून शेपटीसाठी सुई घातली. लग्न लागलं. झगा परत आला, दोरीवर वाळला आणि खोक्यात गेला.

पुढच्या रविवारी टाकेताईने स्वच्छ कपडे घातले आणि ती बेकरीत गेली. दुकानात गिऱ्हाइकांची रांग होती. ताज्या पावाचा वास रस्त्यापर्यंत येत होता.

"काय पाहिजे?" बेकरीवाल्याने विचारलं.

"शेपटीला भेटायचंय."

"कोण तुम्ही तिच्या?"

"मी तिच्या माहेरची."

तो मोठ्याने हसला. "ऐकलंत का? अनाथाश्रमातल्या पोरीला म्हणे माहेर!" रांगेतले दोघे-तिघे हसले. बाकीच्यांनी आपापल्या पिशव्यांत पाहिलं.

मागच्या बाजूला एक दार होतं. त्याला कडी होती, पण बाहेरून. टाकेताईने ती पाहिली. मग ती ओरडली, "शेपटे! मी आलेय गं! दर रविवारी येणार आहे मी!"

मग दाराखालच्या फटीतून एक बटण घरंगळत आलं आणि तिच्या पायाशी थांबलं. बेकरीवाल्याने तिला दंडाला धरून रस्त्यावर काढलं.

टाकेताई अजूनही दर रविवारी जाते. तो तिला दर रविवारी हाकलतो. पोलीस चौकीत तिला सांगतात, मुलीच्या नात्यातलं कुणी असेल तर घेऊन या. आणि रांग असते तशीच असते. सगळे ऐकतात, सगळ्यांना ते दार दिसतं. मग आपली पाळी येते, आपण पिशवी पुढे करतो आणि घरी जातो. त्याचा पाव चांगला असतो, नाही का?