पाणी कुठलं घालता?

चार वर्षांपूर्वी कानिफनाथचं पोस्टकार्ड आलं होतं आणि यशया सरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. "सर, गाडी तापते त्यात माझा हात नाही. रेडिएटरमध्ये पाणी कुठलं घालता, तेवढं कळवा." एवढाच मजकूर. काम बिघडवून वर शहाणपण शिकवतोय, असं वाटून सरांनी ते एका पुस्तकात घातलं आणि ते पुस्तक पुन्हा उघडलं नाही.

कानिफनाथ त्यांचाच विद्यार्थी. कोल्हारात रस्त्याकडेला त्याचं गॅरेज होतं. त्याने इंजिनाचं काम करून दिलं आणि महिन्याभरात सरांची जुनी फियाट पुन्हा तापली. तेव्हा चहाच्या टपरीवर सर बोलून गेले, "कानिफने इंजिन घालवलं माझं." सर एरवी चार माणसांत तोंड उघडत नसत, म्हणून लोकांना ती काळ्या दगडावरची रेघ वाटली. वर्षभरात गॅरेज बंद पडलं. कानिफनाथ श्रीगोंद्याला दुसऱ्याच्या हाताखाली कामाला लागला.

परवा फियाटने पुन्हा वाफ सोडली. नवा मेकॅनिक रविराज, तोही सरांच्याच शाळेतला. त्याने पंखा पाहिला, पट्टा पाहिला, मग रेडिएटरच्या दोन्ही नळ्यांना हात लावला.

"वरची चटका देती सर, अन् खालची गारढोण. पानी फिरतच न्हाई."

त्याने रेडिएटर उतरवून त्याच्या वरच्या टाकीचा डाख, म्हणजे जोडाचं झाळण, तापवून सोडवला. आतल्या बारीक नळ्यांची तोंडं पांढऱ्या खड्यांनी पार बुजली होती.

"सर, पानी कुठलं घालता?"

तोच प्रश्न!

"बोअरचं," ते पुटपुटले.

"मंग! किटलीत साचतं त्येच हितं साचलंय. आठवीला तुमीच शिकवलं की, कठीण पानी. मला त्या प्रश्नाला भोपळा दिल्ता तुमी!" रविराज खो खो हसला.

सर टायरवर बसले. तीस वर्षं फळ्यावर लिहिलेलं, आणि रोज सकाळी बोअरची बादली याच हातांनी ओतलेली.

"मग कानिफचं काम..."

"कानिफदादाचं? इंजिन बघा, त्येलाचा एक थेंब गळत न्हाई. मला न्हाई जमायचं तसलं."

सरांनी एक पांढरा खडा खिशात टाकला आणि तडक टपरी गाठली. आवाज इतका खोल गेला की टपरीवाला म्हणाला, "सर, जरा मोठ्यानं!" मग सगळं दुसऱ्यांदा सांगावं लागलं. टपरीवाल्याने चहा पुढे केला, तो तसाच ठेवून सर घरी निघाले.

घरी चार कार्डं फाडून झाली.

"अहो, दोन ओळींना सारी दुपार?" त्यांच्या पत्नी रेबेकाबाई म्हणाल्या.

"सुरुवात कशी करू, कळेना."

"त्याने विचारलंय काय? तेच सांगा ना."

सरांनी पाचवं कार्ड घेतलं. "कानिफनाथ, बोअरचं घालत होतो. चूक माझी, तुझी नव्हे. आज टपरीवर सगळ्यांदेखत सांगून आलो."

संध्याकाळचं टपाल निघायच्या आत ते स्वतः पोस्टाच्या पेटीपर्यंत चालत गेले आणि कार्ड आत सोडलं.