लावून ठेवणारी

“थांबवा! थांबवा ते!”

छोट्या थिएटरात दहा-बारा माणसं तयार होत आलेला सिनेमा पाहत होती. ताईच्या ओरडण्याने सगळीच दचकली. पडद्यावरचं चित्र थांबलं. एक देखणी नटी फडक्याने वाद्य पुसून भिंतीशी नीट ठेवत होती.

“काय झालं, मावशी?” दिग्दर्शिकेने विचारलं.

“ती फडकं कसलं मारतेय?”

सिनेमा एका प्रसिद्ध वादकाच्या तरुण बायकोवर होता. ती ताईची पाठची बहीण. सव्विसाव्या वर्षी तापाने गेली, त्याला पन्नास वर्षं होऊन गेली. पुढे वादकाचं नाव जगभर झालं, मग तोही गेला. धाकटीला जवळून पाहिलेलं आता एकच माणूस उरलं होतं, ताई; आणि तेही चाळीस वर्षं इस्पितळाच्या शिलाई खात्यात चादरींना टीप मारून निवृत्त झालेलं. संगीतातलं ताईला ओ की ठो कळत नव्हतं.

लेखकाने घाईघाईने वही उघडली. बिचारा दोन दुपारी ताईच्या स्वयंपाकघरात बसून शब्दन् शब्द उतरवून घेऊन गेला होता.

“तुम्हीच म्हणालात, मावशी. हे बघा. ‘रोज त्यांच्या आधी उठून वाद्य लावून ठेवायची.’”

“बरोबर. मग?”

“मग... जागेवर लावून ठेवायची ना? कपाटात कपडे लावतात तशी?”

ताईने कपाळावर हात मारला. “अरे बाबा, लावायची म्हणजे सुरात लावायची! तारा! त्याचा हात सोन्याचा, पण धीर म्हणून नाही. घाईघाईने खुंट्या पिळायचा आणि तारा तोडून बसायचा. कार्यक्रमालासुद्धा ही पडद्यामागे बसून लावून द्यायची, मग तो बाहेर जायचा. कान तिचा होता, कान!”

लेखकाचं तोंड एवढंसं झालं. ताईला त्याचा राग आला नाही, स्वतःचाच आला. घरात बोलतो तसं आपण बोलून गेलो, आणि आपल्या एका शब्दापायी पोरीची मोलकरीण झाली. आता जग तिला अशीच ओळखणार.

“बदला ते,” ताई म्हणाली.

“शूटिंग संपलंय हो, मावशी,” दिग्दर्शिका म्हणाली. “ नटी परदेशात आहे, सेट मोडलाय. उद्या सिनेमा हातावेगळा करायचाय.”

कोपऱ्यात बसलेला ध्वनिमुद्रक तेव्हा बोलला. “आवाज अजून माझ्या हातात आहे. पुढच्या प्रसंगात ती वाद्य मांडीवर घेऊन पाठमोरी बसलीय, मग ते नवऱ्याच्या हातात देते. तिथे तारा लावल्याचा आवाज घालू. फडकं कापून टाका.”

दिग्दर्शिकेने मान डोलावली. “कापा. पण लावताना ती काही बोलायची का?”

“बोलायची तर!” ताई म्हणाली.

तासाभरात ताई माईकसमोर उभी होती. “माझा हा भसाडा आवाज चालायचा का?”

“कुजबुजा, मावशी. कुजबुजताना वय कळत नाही. तारेचं आम्ही बघतो.”

हेडफोनमध्ये तार हळूहळू चढू लागली. ताईने डोळे मिटले. खरं तर तिला आधीची आणि नंतरची तार सारखीच वाटत होती. पण धाकटी कशी मान तिरकी करायची, किती वेळ गप्प राहायची, ते तिला लख्ख आठवत होतं. तिने मान तिरकी केली.

“अंहं... अजून थोडी... अंहं...” तार आणखी चढली. “हं. घ्या.”

इतक्या वर्षांत बहिणीची इतकी आठवण कधी आली नव्हती.

काचेपलीकडून ध्वनिमुद्रकाने अंगठा वर केला. “मस्त झालं, मावशी. आणखी एकदा घेऊ या का?”

ताईने डोळे पुसले आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

“नको. ती ‘घ्या’ दोनदा म्हणायची नाही.”